दिल्ली–टोकियो: जायला अकरा तास आणि यायला सहा?

दिल्लीहून टोकियोला जायला अकरा तास लागतात आणि परतायला सहाच, कारण पृथ्वी पूर्वेकडे फिरत असल्याने जाताना जपान पुढे पळतो व येताना भारत सामोरा येतो; शिवाय सरळ मार्ग सोडून विमाने पैसे उकळण्यासाठी वळसा घालतात, असा एक संदेश तिकिटाच्या छायाचित्रासह सर्वत्र फिरतो आहे. यातले एकही विधान टिकत नाही.

छायाचित्रातल्या तिकिटानुसार विमान दिल्लीहून रात्री ८ वाजता निघून सकाळी ७ ला टोकियोत उतरते, आणि परतताना सकाळी ११ ला सुटून संध्याकाळी ५ ला दिल्लीत पोहोचते. या चारही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या आहेत. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर ठरते, तर जपानची आकाशी शहरावरून जाणाऱ्या १३५ अंशांवर. फरक ५२.५ अंशांचा; अंशाला ४ मिनिटे धरली की साडेतीन तास होतात. जाताना ते वजा करायचे आणि येताना मिळवायचे, म्हणजे खरा प्रवास जाताना साडेसात तासांचा व येताना साडेनऊ तासांचा ठरतो. लेकाकडे राहून परतणारी, इन्शुलिन घेणारी आई या संदेशावर विसंबून सहाच तासांचा हिशेब करील, म्हणून ही चूक मला क्षुल्लक वाटत नाही.

पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते. तसे नसते तर जुहूच्या तळावर अधांतरी थांबलेले हेलिकॉप्टर मिनिटभरात अरबी समुद्रावर सुमारे २६ किलोमीटर आत गेले असते. टोकियोच्या अक्षांशावर जमिनीचा वेग ताशी १,३०० किलोमीटरहून अधिक आहे. ताशी ९०० ने उडणारे विमान जपानला कधी गाठूच शकले नसते.

दोन तासांचा फरक पडतो तो वाऱ्यामुळे. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात तातेनो वेधशाळेतून फुगे सोडून उंचावरचे हे प्रचंड पश्चिमी वारे मोजले आणि जगाला कळावे म्हणून १९२६ साली निष्कर्ष एस्परांतो या सर्व देशांसाठी मुद्दाम रचलेल्या भाषेत छापले. दुर्दैवाने ती वाचणारेच थोडे होते. हिवाळ्यात जपानवर या वाऱ्यांचा वेग अनेकदा ताशी २०० किलोमीटर ओलांडतो. पूर्वेकडे जाताना तो पाठीशी असतो, परतताना तोंडावर.

राहिला वळसा. गोलावरचे सर्वांत कमी अंतर सुमारे ५,८५० किलोमीटर आहे, पण ती रेषा तिबेटच्या पठारावरून जाते. म्यानमार आणि दक्षिण चीनमधल्या कुन्मिंग शहरावरून गेल्यास अंतर ६,३०० च्या घरात जाते, आणि जादा इंधनाचा भुर्दंड कंपनीलाच बसतो. तरीही हा मार्ग घेतात, कारण केबिनमधला हवेचा दाब अचानक गेल्यास प्रवाशांच्या मुखवट्यांतला प्राणवायू साधारण पंधरा मिनिटे पुरतो आणि तेवढ्यात विमानाला १०,००० फुटांपर्यंत खाली यावे लागते; तिबेटात तर जमीनच सरासरी १५,००० फुटांच्या आसपास आहे.