माखाची शर्यत आणि आपल्याकडचा खाडा

आयर्लंडमध्ये संत ब्रिजिडचं नाव सगळ्यांना माहितीये, 2023 पासून तिच्या नावाने सुट्टी पण मिळते, पण मला विचाराल तर इथल्या पुराणातली खरी बाई म्हणजे माखा. आपल्याकडे पाळीच्या रजेवरून भांडण पेटलं की मला तीच आठवते.

अल्स्टरच्या, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागातल्या, क्रुन्युक नावाच्या शेतकऱ्याची ती बायको, दिवस भरत आलेले. नवरा जत्रेत गेला, राजाचे घोडे पळताना बघितले आणि बोलून बसला की माझी बायको यांच्यापेक्षा जोरात पळते. झालं, राजाने त्याला धरून ठेवलं आणि हिला बोलावणं धाडलं, नाही आलीस तर नवरा मेला समज. ती आली, जमलेल्या लोकांना म्हणाली, तुम्हालाही आईनेच जन्म दिलाय ना, माझं मूल होईपर्यंत तरी थांबा. पळणार नाही असं म्हणतच नव्हती ती! कोणी ऐकलं नाही. ती पळाली, घोड्यांच्या आधी पोचली आणि तिथेच बाळंत झाली, जुळं, एक मुलगा एक मुलगी. मग शाप दिला, तुमच्यावर मोठं संकट येईल तेव्हा तुम्हा पुरुषांना बाळंतिणीसारख्या कळा येतील, पाच दिवस आणि चार रात्री, नऊ पिढ्या. पुढे शेजारच्या राज्याची राणी मेव्ह चालून आली तेव्हा अल्स्टरचे योद्धे खरंच आडवे पडले होते, एकटा कू खुलिन नावाचा वीर लढत होता.

आपल्याकडे 2024 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की पाळीची रजा सक्तीची केली तर बायकांना कामावरच घेणार नाहीत, धोरण सरकारने ठरवावं. ही भीती खोटी नाही, मला पटते. पण हा सगळा वाद ऑफिसातल्या बायकांपुरताच का चालतो? बीडच्या ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे दोघांची मिळून एकच जोडी धरतात, एक दिवस चुकला की खाडा, म्हणजे मजुरी तर गेलीच वर दंड. 2019 मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत 82 हजारांवर बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीत काम बुडू नये म्हणून पिशवीच काढून टाकायची, यापुढे माखाची शर्यत काय मोठी!

इथे आयर्लंडमध्ये सगळं आधीपासून छान होतं असं मुळीच नाही. बेळगावची डेंटिस्ट सविता हलप्पनवार 2012 मध्ये इथल्या गॉलवे शहरात वारली, गर्भ वाचणार नाही हे माहीत असताना तिने गर्भपात मागितला होता, बाळाचे ठोके चालू आहेत म्हणून दिला नाही, सेप्सिस झाला, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर पसरला. तिच्या वडिलांनी बेळगावातून इथल्या लोकांना आवाहन केलं, आणि 2018 च्या सार्वमतात 66 टक्के लोकांनी गर्भपातावरची बंदी उठवायच्या बाजूने मत दिलं. सहा वर्षं लागली, पण देशाने ऐकलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की रजेचा कायदा करताना सुरुवात उसाच्या फडापासून करा. पाळी, गरोदरपण, बाळंतपण यात खाडा लावायचाच नाही, आणि त्या दिवसांची मजुरी मुकादमाच्या मर्जीवर न सोडता कारखान्याने द्यायची.