एबीएसचा फ्यूज काढायच्या आधी

ट्रॅक डे, म्हणजे आपली रोजची गाडी रेस ट्रॅकवर पळवायचा दिवस, जवळ आला की एबीएसबद्दल (जोरात ब्रेक लावला तरी चाकं लॉक होऊ न देणारी, म्हणजे फिरायची थांबू न देणारी यंत्रणा) एक सल्ला हमखास फिरू लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, गाभा तोच राहतो: "एबीएस रस्त्यावरच्या नवशिक्यांसाठी आहे. ट्रॅकवर ते ब्रेकिंगचं अंतर वाढवतं आणि ऐन वळणाच्या तोंडावर पेडल दगड करून टाकतं. खरे रेसर एबीएस वापरत नाहीत, फॉर्म्युला वनमध्ये तर बंदीच आहे. बॉनेट उघडा, फ्यूज काढा, घरी जाताना परत लावा."

कोइम्बतूरचा कारी, चेन्नईजवळचा ट्रॅक, ग्रेटर नोएडाचा बुद्ध, आता मावळातलं नानोली. जिथे लोक रोजची गाडी घेऊन हौसेने उतरतात तिथे हा सल्ला त्यांच्या आधी पोचलेला असतो. त्यातलं एक वाक्य पूर्ण खरं आहे: पेडल दगड होतं. ज्याला हे झालंय त्याला ते समजावून सांगावं लागत नाही. पण त्यावर सुचवलेला उपाय दुखण्यापेक्षा वाईट आहे.

आधी फॉर्म्युला वन उरकून टाकू. बंदी आहे, 1994च्या हंगामापासून आहे. मात्र 1993च्या विल्यम्स एफडब्ल्यू15सीमध्ये एबीएस होतं, सोबत ट्रॅक्शन कंट्रोल आणि अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शन होतं, आणि ती गाडी त्या वर्षी चालक व संघ अशी दोन्ही अजिंक्यपदं घेऊन गेली. ही साधनं चालकाचं काम आपल्याकडे घेताहेत, म्हणून ती काढायला लावली. ज्या यंत्रामुळे गाडी हळू होते त्यावर बंदी घालायची वेळच येत नाही. संघ ते आपणहून भंगारात टाकतात.

"खरे रेसर वापरत नाहीत" हेही तसंच. स्पा किंवा न्युर्बर्गरिंगच्या 24 तासांच्या शर्यतीत पुढे धावणाऱ्या जीटी3 गाड्यांत, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बांधलेल्या रेस गाड्यांत, एबीएस असतं. चालकाच्या हाताशी त्याचं फिरवायचं बटण असतं. टायर किती झिजलेत, ट्रॅक ओला की कोरडा, त्याप्रमाणे तो एबीएस कमी-जास्त करतो. आपल्याकडच्या फॉर्म्युला एलजीबी आणि एफ4 या सिंगल-सीटर, म्हणजे एका माणसाच्या, रेस गाड्यांत एबीएस नाही, हे कबूल. पण सिंगल-सीटर रेस गाडी मुळात त्याच हिशेबाने बांधलेली असते. पुढच्या आणि मागच्या ब्रेकमधला वाटा तिथे हाताने लावता येतो. ही गोष्ट लक्षात असू द्या, फ्यूजपाशी आलो की लागेल.

आता अंतर. एबीएस अंतर वाढवतं, पण कुठे? सुट्या खडीवर, ताज्या बर्फावर. तिथे लॉक झालेलं चाक स्वतःपुढे खडीचा ढीग गोळा करतं आणि त्या ढिगानेच गाडी अडते. रॅलीवाले एबीएसला नाकं मुरडतात ती यासाठी, आणि त्यांचं बरोबर आहे. डांबरावर ढीग नसतो. तिथे टायरची पकड सर्वांत जास्त असते ती चाक गाडीच्या वेगापेक्षा साधारण 10 ते 20 टक्के मंद फिरत असताना. पूर्ण लॉक झालं की पकड घटते, स्टिअरिंग फिरवून उपयोग होत नाही, वर टायरला एका जागी चट्टा पडतो आणि मग ते चाक दिवसभर धडधडत राहतं.

मुरलेल्या पायाचा चालक सरळ पट्ट्यावर, कोरड्या डांबरावर, एखाद्या जुन्या एबीएसला मागे टाकेलही. पण ब्रेक फक्त सरळ रेषेत लावत नाहीत. वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडत नेताना आतल्या बाजूचं पुढचं चाक हलकं झालेलं असतं आणि आधी तेच लॉक होतं. तेवढ्या एका चाकाचा दाब कमी करणं कोणाच्याही पायाला जमणार नाही, कारण पेडल एक आणि चाकं चार. एबीएस प्रत्येक पुढच्या चाकाचा दाब वेगळा सोडू शकतं. हा फायदा या सल्ल्यात कधीच येत नाही.

दगड झालेल्या पेडलकडे येऊ, कारण खरं दुखणं तिथेच आहे.

एबीएसला रस्ता दिसत नाही. त्याला दिसतात चार चाकांचे वेग. त्यावरून ते गाडीचा वेग आणि रस्त्याची पकड यांचा अंदाज बांधतं. काही गाड्यांत जोडीला मंदन मोजणारा सेन्सरही असतो, पण शेवटी तो अंदाजच. सरळ पट्ट्याच्या टोकाला घाबरून ब्रेकवर लाथ मारली, तर वजन पुढच्या चाकांवर यायच्या आधीच ती घसरू लागतात. चाकं झपाट्याने मंदावली आणि गाडी मात्र अजून पळतेय, हे पाहून यंत्र ठरवतं की खाली बर्फ किंवा तेल असणार. मग ते दाब कापतं. कॅलिपरकडे (चाकापाशी पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाकडे) जाणारे व्हॉल्व्ह बंद झाल्यामुळे पायाखाली पेडल घट्ट लागतं आणि गाडी मात्र थांबत नाही. ट्रॅकवरचे लोक याला आइस मोड म्हणतात.

लाथ हे एकच कारण नाही. ब्रेकिंगच्या जागी डांबरात लाटा असल्या, की चाक क्षणभर हवेत जातं आणि तेव्हाच मंदावतं. ट्रॅकच्या कडेच्या उंच पट्टीवर, म्हणजे कर्बवर, चढून ब्रेक धरला तरी तेच. मागच्या चाकांच्या बाबतीत बहुतेक रोजच्या गाड्यांत कमी पकडीच्या चाकाप्रमाणे दोन्हीकडचा दाब ठरतो, त्यामुळे एक चाक उचललं गेलं की दुसऱ्याचाही ब्रेक जातो. सेमी-स्लिक (कमी खाचांचे, ट्रॅकसाठीचे) टायर घातले की पकड इतकी वाढते की कारखान्याने लावलेला हिशेब कमी पडतो. वर झोंबणारे रेस पॅड घातले तर पायाच्या थोड्या दाबानेही चाक झटकन मंदावतं. पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर घालणारे तर चाकांच्या वेगांची तुलनाच बिघडवून ठेवतात.

यातली बहुतेक कारणं आपणच गाडीत आणलेली आहेत, आणि उपायही तिथेच. पेडलवर पाय आदळू नका; पहिला अर्धा क्षण दाब वाढवत न्या, वजन पुढे येऊ द्या, मग हवा तेवढा जोर लावा. लाटांची जागा माहीत असेल तर ब्रेक तिच्या आधी किंवा नंतर धरा. टायर चारही एका जातीचे, कंपनीने सांगितलेल्या मापाचे. तरीही पेडल दगड झालंच, तर आणखी जोर लावून काही होत नाही. पाय पूर्ण उचलून पुन्हा दाबावं लागतं, म्हणजे यंत्राचा अंदाज नव्याने सुरू होतो. हे लिहायला सोपं आहे. ताशी 150 किमीला गाडी सेकंदात जवळपास 42 मीटर जाते, आणि भिंत पुढे येत असताना ब्रेकवरून पाय काढायला मन धजत नाही. म्हणून पहिल्या फेऱ्यांत ब्रेक लवकर धरायचा, म्हणजे पाय उचलायला जागा उरते.

आणखी एक घोळ असा की ट्रॅकवर बिघडलेला प्रत्येक ब्रेक एबीएसच्या खात्यावर मांडला जातो. पेडल मऊ होऊन खाली गेलं, तर ते ब्रेक ऑइल उकळलं आहे. ताज्या डॉट 4 दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, पण पाणी शोषल्यावर तो 155पर्यंत आला तरी मानकात बसतो. मुंबईच्या किंवा कोकणाच्या दमट हवेत दोन पावसाळे काढलेलं ऑइल घेऊन ट्रॅकवर उतरणं म्हणजे संकटाला निमंत्रण. पेडल घट्ट आहे, पायाला एबीएसची थरथर नाही, जळका वास येतोय आणि प्रत्येक फेरीला ब्रेक थोडा थोडा कमी होतोय, तर पॅड तापून गेलेत. आइस मोड मात्र अचानक येतो, बहुधा ठरावीक जागी, आणि पुढच्या वळणाला सगळं ठीक असतं. संथ वेगात, काही कारण नसताना एबीएस किरकिर करू लागलं, तर व्हील बेअरिंगचा खेळ किंवा सेन्सरसमोरची रिंग तपासून घ्या. ऑइल उकळल्यावर एबीएसचा फ्यूज काढणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आणि आता तो फ्यूज. तो काढल्यावर फक्त एबीएस जात नाही, ईबीडीही जातं, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकमध्ये दाब वाटून देणारी यंत्रणा. मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा हे पूर्वी एक यांत्रिक व्हॉल्व्ह ठरवायचा. आताच्या बहुतेक गाड्यांत तो नाही. ते काम ईबीडी करतं, आणि ईबीडी एबीएसच्याच पेटीत असतं. हिशेब करून पाहा. 2.45 मीटर व्हीलबेसची हॅचबॅक, उभी असताना 60 टक्के वजन पुढे, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर. एक जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाइतक्या, जोराने ब्रेक लावला की मागच्या चाकांवर उरतो फक्त साधारण एक पंचमांश भार. दाब आवरणारं कोणी नसेल तर ती चाकं पुढच्यांच्या आधी लॉक होऊ शकतात. पुढची लॉक झाली तर गाडी निदान सरळ जाते. मागची आधी झाली तर ती स्वतःभोवती फिरते. वळणात शिरताना तर फिरतेच. सिंगल-सीटरचा चालक हा वाटा हाताने लावतो. आपल्याकडे काय आहे? रिकामी फ्यूजची जागा.

डॅशबोर्ड हे सांगतही असतो. बहुतेक गाड्यांत एबीएसचा पिवळा दिवा एकटा लागला तर एबीएस गेलंय. सोबत ब्रेकचा लाल दिवा लागला तर ईबीडीही गेल्याची दाट शक्यता. फ्यूज काढून दोन्ही दिवे पाहिले तरी लोक ट्रॅकवर जातात.

"घरी जाताना परत लावा." लावाल. पण चाकांच्या त्याच सेन्सरांवर ईएससी (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा) चालतं, काही गाड्यांत स्पीडोमीटर आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही. त्यामुळे फॉल्ट साठून राहतात आणि कधी कधी दिवा स्कॅनर लावल्याशिवाय विझत नाही. भारतात एप्रिल 2019पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, आणि परतीच्या वाटेवर घाट असेल तर ती सक्ती का आहे ते वेगळं सांगायला नको.

ज्यांना खरोखर एबीएसशिवायच शर्यत खेळायची आहे त्यांच्यासाठी रस्ता आहे: मागच्या ब्रेकलाइनवर दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह किंवा दोन मास्टर सिलिंडरचा (पेडलचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलणारे, एक पुढच्या आणि एक मागच्या ब्रेकसाठी) पेडल बॉक्स, मग मोकळ्या जागेत ब्रेकचा वाटा लावायला एक अख्खा दिवस, आणि ती गाडी ट्रॅकवर नेण्या-आणण्यासाठी ट्रेलर.