कॅलेंडर म्हणालात, म्हणून

नमस्कार. सतराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार क्लोद लोरां याच्या ‘सूर्यास्ताच्या वेळचं बंदर’ या चित्रावर मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं की साल चुकलंय, असं बंदर जगात कुठेही नाही, माणसं बाहुल्यांसारखी आहेत, आणि एकूण ‘हे कॅलेंडरवरचं चित्र, सामान्य अभिरुचीला भुरळ घालणारं’.

सालाचं तुमचं बरोबर. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं हे चित्र १६३९चं. मी लिहिलेलं १६४८ हे लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या, त्याच्याच शेबाच्या राणीच्या चित्राचं साल. दुरुस्त केलंय, आभार. पण ‘निदान एवढं तरी बघून लिहायचं’ ही पुरवणी कशाला? चूक दाखवायला एक ओळ पुरते.

आता कॅलेंडर. मी वेंगुर्ल्यात बंदरापासून हाकेच्या अंतरावर लहानाचा मोठा झालो. दर जानेवारीत किराणावाल्याचं कॅलेंडर घरी यायचं आणि त्यात सूर्यास्ताचं एक पान असायचंच. आभाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत नारिंगी, पाणीही नारिंगी. संध्याकाळी वडिलांबरोबर होड्यांची वाट बघत जेट्टीवर उभा राहायचो, तेव्हा तसलं काही कधी दिसलं नाही. सूर्य टेकायला आला की पाचेक मिनिटं त्याच्याकडे सरळ बघता येतं. तेवढ्या वेळात समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा काळा पडतो आणि खांद्याची कड तेवढी उजळते.

लूव्रमध्ये त्या चित्रासमोर मी पाऊण तास उभा होतो. सूर्य केवढासा, फिकट पिवळा, जवळजवळ पांढरा. वरचं आभाळ निळंच. पाण्यावरची उजेडाची वाट सलग नाही. लाटेच्या माथ्यावर एक फिकट फटकारा, मधे गडद पाणी, पुन्हा फटकारा. जेट्टीवर बघितलेलं पाणी हेच. लोरांचा चित्रकार मित्र योआखिम फॉन सांद्रार्ट याने लिहून ठेवलंय की तो पहाट व्हायच्या आधीपासून रात्रीपर्यंत माळावर पडून राहायचा, आभाळाचे रंग डोळ्यांत भरून घ्यायचा, तसे रंग कालवायचा आणि मग घरी येऊन चित्राला हात लावायचा. याला कॅलेंडर म्हणता?

बंदर खरं नाही, हे मान्यच आहे. रोममधल्या टेकडीवरचा व्हिला मेदिची हा वाडा लोरांने १६३७च्या एका चित्रात चक्क समुद्रकाठी आणून ठेवला. त्यावर आणि माणसांवर मी वाद घालत नाही.

‘सामान्य अभिरुची’ मात्र लागलं. इंग्रज चित्रकार टर्नरने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की आपली दोन चित्रं नॅशनल गॅलरीत लोरांच्या चित्रांशेजारी टांगावीत. त्याचीही अभिरुची सामान्यच का?

चित्र नावडलं असेल तर तसं खुशाल लिहा, मी उत्तरही देणार नाही. तो एक शब्द मात्र मागे घ्या.