थकला असाल, तसंच ठेवा

वरात मांडवाशी पोचते, नवरदेव घोड्यावरून उतरतो, आणि तेवढ्यात बँडमधला एखादा म्हातारा हमखास म्हणतो, ‘‘पोरा, क्लॅरोनेट पुसून ठेव.’’ हसून सोडून द्या. दोन तास फुंकून ओठ सुन्न झालेल्या कलावंताने आता धुणीभांडीही करायची की काय?

आत पाणी साचतं, हे खरं. ती सगळी थुंकी नव्हे; तुमच्या उबदार श्वासाची वाफ गार लाकडाला धरते, आरशाला धरते तशी. धरू दे! लाकूड ग्रेनाडिलाचं, म्हणजे आपल्या शिसवीची आफ्रिकेतली चुलतबहीण. इतकं जड की पाण्यात बुडतं. त्याला चार थेंबांचं काय? फार तर आतली बाजू फुगेल, बाहेरची कोरडीच राहील आणि एखाद्या डिसेंबरच्या पहाटे वरच्या जॉइंटवर, म्हणजे वाद्याच्या वरच्या तुकड्यावर, केसाएवढी रेघ उमटेल. नक्षी समजा.

रीड, म्हणजे फुंकल्यावर थरथरणारी ती पातळ पट्टी, तीही काढू नका. माउथपीसवर, म्हणजे तोंडात धरायच्या टोकावर, तशीच आवळलेली राहू द्या. पावसाळ्यात चार दिवसांनी पेटी उघडाल तर ओल्या मोज्यांचा वास येईल आणि रीडवर काळे ठिपके दिसतील. तीच जिभेवर ठेवून सूर लावा. भोकं झाकणारी ओली पॅडं त्यांना चिकटून ‘च्युक च्युक’ करतील. ठेका म्हणून खपवा.

पुसायचीच हौस असेल, तर जुन्या बनियनचा बोळा दोरीला बांधून वरच्या जॉइंटमधून दणकून ओढा. आत रजिस्टर कीची, म्हणजे सूर वर चढवणाऱ्या चावीची, धातूची नळी पुढे आलेली असते. बोळा बरोब्बर तिथे अडकतो. आणखी ओढा. दोरी तुटते. हे मी स्वतः केलंय. दुरुस्तीवाल्याने एक शब्द न बोलता नुसतं माझ्याकडे पाहिलं, त्यापुढे बिल काहीच नव्हतं. पातळ कापड नीट उलगडून, हलक्या हाताने दोन-तीनदा ओढण्याइतका वेळ आहे कुणाला?

मग उन्हात ठेवा, गच्चीवर कुरडयांच्या शेजारी. माउथपीस उकळत्या पाण्यात बुडवा. त्याचं एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, हिरवट पडेल, गंधकाचा वास मारेल. बँडच्या हिरव्या कोटाला छान मॅच.

तडा गेलाच, तर लाकूडच बोगस होतं म्हणा. आणि पुढच्या वरातीपुरतं त्या म्हाताऱ्याकडे त्याचं क्लॅरोनेट मागा. पुसूनच देईल.