केलॉगकडे कॉर्नफ्लेक्सचा पैसा होता!

नोकरी सोडून दोन अरबी घोड्यांवर पैदास सुरू करणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या जोडप्याचा लेख आवडला. पण त्यात दिलेला केलॉगचा, म्हणजे त्या कॉर्नफ्लेक्सवाल्या अमेरिकी उद्योजकाचा, दाखला जरा विचित्र वाटला. १९२५ साली त्यांनी कॅलिफोर्नियातल्याच पोमोनाला अरबी घोड्यांचं रँच काढलं तेव्हा त्यांच्यामागे कॉर्नफ्लेक्सचा धंदा उभा होता. तुमच्या-आमच्यामागे काय, गृहकर्ज!

आम्हीही इथे दोनच घोड्या पाळतो. नर पाळायच्या फंदात पडू नका, थंड करून पाठवलेलं वीर्य मिळतं. मात्र त्याआधी डीएनए तपासणी हवीच. केसांच्या मुळांवरून होते. अरबी रक्तात स्किड नावाचा प्रतिकारशक्तीचा आजार आहे. आई-बाप दोघंही वाहक (स्वतः धडधाकट, पण दोष रक्तात) निघाले तर चारात एक शिंगरू आजारी निघण्याची शक्यता, आणि ते काही महिन्यांत दगावतं. लेखात याचा उल्लेखच नाही.

घोडी साधारण अकरा महिने गाभण राहते आणि व्यायला हमखास मध्यरात्र निवडते. शिंगरू तासाभरात उभं राहायला हवं, दोन तासांत पिऊ लागायला हवं, आणि तीन तासांत वार पडायला हवी. पहिला चीक चुकवून चालत नाही. आमच्या पहिल्या वेळी थर्मासभर चहा घेऊन तीन रात्री तबेल्यात काढल्या. चौथ्या रात्री जरा डोळा लागला, तेवढ्यात बाईसाहेब मोकळ्या!