नऊ चौकोन

आज संध्याकाळी भाचीचा फोन आला. "मावशी, पट्टी परत दिली मॅडमनी. तिसऱ्यांदा." एवढंच बोलली आणि मग नुसतं नाक ओढणं ऐकू येत राहिलं.

ती आर्ट कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. पुढे ग्राफिक डिझाइन घ्यायचंय, फोटोग्राफीचंही वेड आहे. पट्टी म्हणजे ग्रे स्केल. ज्यांनी कधी केली नसेल त्यांच्यासाठी सांगते. एका टोकाला पांढरा, दुसऱ्या टोकाला काळा आणि मधे करड्याच्या सात पायऱ्या. असे नऊ चौकोन पोस्टर कलरनं रंगवायचे. प्रत्येक पायरीची उडी सारखी दिसली पाहिजे आणि रंग सपाट बसला पाहिजे, ब्रशची एक रेघ दिसता कामा नये. ऐकायला काहीच नाही.

फोन ठेवते न ठेवते तोच फॅमिली ग्रुपवर भावोजींचा मेसेज. "आठवडा झाला, पोरगी नऊ चौकोन रंगवतेय. कॉम्प्युटरवर हे नऊ सेकंदांचं काम. यासाठी कॉलेजात घातलं का हिला?" खाली भराभर अंगठे. एकानं लिहिलं, यूट्यूबवर सगळं फुकट शिकता येतं. दुसऱ्यानं लिहिलं, आता तर चित्र काढावंही लागत नाही, एक वाक्य लिहिलं की चित्र तयार.

तिथे मी गप्प बसले, ताईला वाईट वाटलं असतं. पण दोन तास झाले, डोक्यातून जात नाहीये. म्हणून इथे लिहितेय. तुम्ही आपली माणसं आहात, तुम्हाला फार समजावून सांगावं लागणार नाही.

माझी पट्टी अकरा वेळा परत आली होती.

आमचे सर बोलायचे नाहीत. पट्टी हातभर लांब धरायचे, डोळे बारीक करायचे, खिशातली पेन्सिल काढून एखाद्या चौकोनाखाली टिंब द्यायचे आणि पट्टी परत. काय चुकलं, किती चुकलं, काही नाही. नुसतं टिंब. पहिल्या दोन वेळा मला वाटलं मुद्दाम करतायत. पाचव्या वेळी मी स्वच्छतागृहात जाऊन रडले. आज भाचीचं नाक ओढणं ऐकलं तेव्हा मला तेच आठवलं.

अर्धा पांढरा, अर्धा काळा मिसळला की मधला करडा होईल, असं मला वाटलेलं. होत नाही. तो जवळजवळ काळाच होतो. काळा फार ताकदीचा असतो. पांढऱ्यात ब्रशच्या टोकानं, भीत भीत, कणभर काळा घालत जायचं. उलटं केलंत, काळ्यात पांढरा ओतायला गेलात, तर अख्खी बाटली संपेल आणि तुम्ही सातव्या चौकोनातच असाल. बरं, रंग जमला असं वाटून कागदावर लावावा, तर वाळल्यावर तो निराळाच. फिके रंग वाळून थोडे गडद होतात, गडद रंग वाळून फिके पडतात. म्हणजे आत्ता जे दिसतंय त्यावर भरवसा नाही, अर्ध्या तासानं काय दिसेल ते आत्ता ओळखायचं. हे कुठल्या व्हिडिओत बघून कळतं? व्हिडिओतला रंग वाळत नाही हो.

आठव्या का नवव्या वेळची गोष्ट. मी सरांना पहिल्यांदा उलट बोलले. म्हटलं, सर, मी रंग सपाट लावलाय, शपथ, पण प्रत्येक चौकोन एका कडेला उजळ आणि दुसऱ्या कडेला गडद दिसतोय, पन्हाळी पत्र्यासारखा, यात माझी काय चूक? सर पहिल्यांदा हसले. त्यांनी कोऱ्या कागदाच्या दोन पट्ट्या फाडल्या आणि एका चौकोनाच्या दोन्ही बाजूंचे शेजारी झाकले. चौकोन एकदम सपाट. पट्ट्या काढल्या, परत कडा आल्या. ठेवल्या, गेल्या. चार-पाच वेळा केलं त्यांनी. मग म्हणाले, "रंग बरोबर आहे तुझा. डोळा शेजाऱ्यांकडे बघून बोलतोय." आणि निघून गेले.

मी तिथेच उभी. वर्ग रिकामा झाला तरी मी कागदाच्या त्या दोन फाटक्या पट्ट्या उचलत होते, ठेवत होते.

पुढे कितीतरी वर्षांनी वाचलं की शेव्ह्रल नावाचा एक फ्रेंच रसायनतज्ज्ञ गोबलँच्या गालिचा-पडद्यांच्या कारखान्यात रंगखात्याचा प्रमुख होता आणि तिथे तक्रार यायची की काळा धागा हवा तेवढा काळा दिसत नाही. त्यानं रंग तपासला, रंगात दोष नव्हता. शेजारी कुठले धागे विणलेत त्यामुळे काळा मेल्यासारखा दिसत होता. त्यानं यावर जाडजूड ग्रंथ लिहिला, १८३९ साली. ज्या वर्षी पॅरिसमध्ये डागेरच्या फोटोग्राफीची पद्धत जाहीर झाली, तेच वर्ष. माझ्या पट्टीवरच्या त्या खोट्या कडांना आजही त्याचंच नाव आहे. वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. सरांनी दोन कागदी पट्ट्यांनी मला जे दाखवलं, ते शोधायला एका शास्त्रज्ञाला कारखान्याचा कारखाना पालथा घालावा लागला होता.

आणि ग्रुपवर लोक म्हणतात, नऊ सेकंद.

करा ना. कॉम्प्युटरवर नऊ चौकोन काढा. निघतील, अगदी काटेकोर निघतील, नाही कोण म्हणतंय? पण ते काढून तुमच्या डोळ्याला काय झालं? काही नाही. पट्टी मॅडमना हवी म्हणून करायचीच नसते. ती झाल्यावर कचऱ्यात गेली तरी चालेल. माझी कुठे आहे मला माहीत नाही. पण तो डोळा आहे माझ्याकडे, त्याच्यावर माझं घर चालतं.

दोन वर्षांपूर्वीचं सांगते. आमच्याकडे एका औषधाच्या माहितीपत्रकाचं काम होतं. लेआउट करणारा मुलगा हुशार, ग्रिड नेटकी, टाइप सुंदर निवडलेला. डोस किती घ्यायचा ती ओळ फिक्या हिरव्या पट्ट्यावर करड्या अक्षरात. सगळ्यांना आवडलं. मी दारातून डोळे बारीक करून बघितलं आणि ती ओळ गायब. हिरवा वेगळा, करडा वेगळा, पण दोघांची व्हॅल्यू, म्हणजे फिकेगडदपणाची पायरी, एकच. एक काळी-पांढरी प्रिंट काढून टेबलावर ठेवली. डोसची ओळ खरंच नव्हती तिथे. वेबसाठी यावर नियमसुद्धा आहे, साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी काँट्रास्ट निदान ४.५ ला १ हवा. काळ्यावर पांढरं असलं की तो २१ ला १ असतो. पण नियम आठवायच्या आधी मला सरांचं टिंब दिसलं. चौथ्या चौकोनाखालचं. त्या मुलानं सॉफ्टवेअर माझ्यापेक्षा दसपट चांगलं शिकलेलं आहे. त्याला पट्टी कुणी करायलाच लावली नव्हती. त्याच्या कॉलेजात पहिल्या दिवसापासून "इंडस्ट्रीला लागतं ते" शिकवतात म्हणे.

याचाच मला राग येतो. इंडस्ट्रीला लागतं ते! मी कॉलेजात असताना फ्रीहँड नावाचं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर शिकण्यात रात्री घालवल्या. २००७ मध्ये ॲडोबीनं ते पुढे न्यायचं नाही असं जाहीर केलं आणि माझे ते सगळे शॉर्टकट पाण्यात गेले. पट्टी नाही गेली. दरवर्षी नवीन बटणं येतील, जुनी जातील, आणि आपण पोरांना अठराव्या वर्षी नुसती बटणं शिकवून बाहेर काढणार? मग पस्तिसाव्या वर्षी त्यांनी करायचं काय? आणि बौहाउस या जर्मनीतल्या डिझाइनच्या शाळेचं नाव घेताना मात्र सगळे हळवे होतात, भिंतीवर पोस्टर लावतात. १९१९ ला सुरू झालेल्या त्या शाळेत कार्यशाळेत हात लावायच्या आधी पायाचा अभ्यासक्रम पुरा करावा लागायचा. कागद दुमडणं, पोत, फिका-गडद. तिथल्याच जोसेफ अल्बर्सनं पुढे आयुष्यभर मुलांना रंगीत कागदांचे तुकडे शेजारी शेजारी ठेवायला लावले, एकच रंग दोन ठिकाणी दोन कसा दिसतो ते पाहायला. माझ्या सरांच्या त्या पट्ट्याच की!

फोटोग्राफीवाल्यांना वाटतं हे रंगवणाऱ्यांचं काम, आपला काय संबंध. मलाही वाटलेलं. तिसऱ्या वर्षी फोटोग्राफी घेतली तर पहिल्याच आठवड्यात पट्टी समोर उभी. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोर काय आहे ते कळत नाही, तो जे दिसेल ते मधलं करडं धरून मोजतो. बर्फ दाखवा, मळका करडा येणार. काळी मांजर दाखवा, तीही करडीच. आताचे कॅमेरे अंदाज बांधून सावरून घेतात, खरं आहे, पण चुकले की का चुकले ते सांगत नाहीत. आणि तो मधला करडा म्हणजे पडलेल्या उजेडातला साधारण १८ टक्के परत फेकणारा. ५० नाही, १८! डोळ्याला तोच मधोमध वाटतो. हे फोटोग्राफीच्या मॅडमनी फळ्यावर लिहिलं आणि माझ्या डोक्यात एकदम पहिल्या वर्षाचं पॅलेट उघडलं. मधला म्हणजे आकड्यातला अर्धा नव्हेच! वर्गात कुणालाच १८ हा आकडा पटेना, मला पटला, कारण माझ्या हातांना तो दोन वर्षं आधीच माहीत होता. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन फोटोग्राफरांनी १९४० च्या सुमारास झोन सिस्टिम बसवली, शून्य ते दहा अशा पायऱ्या, पाचवी पायरी मधला करडा, प्रत्येक पायरीला एक स्टॉप, म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. बर्फाचा पोत हवा तर तो सातव्या पायरीवर ठेवायचा, म्हणजे मीटर सांगेल त्यापेक्षा दोन स्टॉप जास्त द्यायचे. बाकीच्यांनी ते पाठ केलं. मी नुसती पट्टी आठवली.

शिकवणारे सगळे चांगले असतात असं नाही. काही जण नुसता धाक दाखवायला काम परत करतात, तेही पाहिलंय. आमच्या सरांनी टिंबासोबत दोन शब्द बोलले असते तर काही बिघडलं नसतं. कॉलेज न करता मोठे झालेले आहेत, आहेत, माहितीये मला.

पण घरी बसून शिकताना टिंब कोण देणार? आपली चूक आपल्याला दिसत नाही म्हणून तर ती झालेली असते. कॉलेजात वीस पोरांच्या वीस पट्ट्या एका भिंतीवर लागतात. लांब उभं राहिलं की आपली कुठे अडखळते ते न सांगता दिसतं. शेजारच्या मुलीची तुमच्यापेक्षा चांगली असते, ते पोटात दुखतं, आणि मग तुम्ही तिला विचारता, कशी केलीस गं. तिनं मला सांगितलं होतं, आधी दोन टोकं रंगव, मग बरोबर मधला शोध, मग मधल्यांचे मधले. मी एका टोकापासून चालत सुटले होते. अकरावी पट्टी तिच्यामुळे पास झाली. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आणि वाक्य लिहून मिळणारी चित्रं? मिळू देत. दहा मिळतील, त्यातली नऊ बिघडलेली आहेत हे ओळखायला कोणीतरी लागेलच ना.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. भावोजी वाईट माणूस नाहीत. मुलीचं पुढे कसं होणार ही काळजी आहे त्यांना, ती कुठल्या बापाला नसते. आठवडाभर रात्री बारापर्यंत तिच्या खोलीतला दिवा चालू बघतात आणि हातात काय, तर नऊ चौकोन. त्यांच्या जागी मीही घाबरले असते. भावोजी, हे वाचलंत तर रागावू नका. एकदा तिच्याजवळ बसा. तिला म्हणा, मला एक करडा मिसळून दाखव. आणि मग तुम्ही तोच मिसळून बघा.

हे लिहित असतानाच तिचा मेसेज आला, चौथी पट्टी झाली, फोटो पाठवलाय, बघ ना. फोटोत पांढरा चौकोनच करडा दिसतोय, फोनच्या मीटरनं त्याचं काम केलंय. मी तिला लिहिलं, यावरून काही सांगता येणार नाही गं, सकाळी खिडकीपाशी हातभर लांब धर, डोळे बारीक कर, आणि कोऱ्या कागदाच्या दोन पट्ट्या जवळ ठेव. तिनं विचारलं, पट्ट्या कशाला?

म्हटलं, उद्या फोन कर. आत्ता रंग वाळू दे.