ही शेवंता नव्हे

आज डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहिणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढं जावा.

दुपारी भाच्याच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती, जुळे सोलापूरला. जेवणं उरकल्यावर आम्ही बायका हॉलमध्ये टेकलो. टीव्हीवर कसलीतरी मालिका लागलेली, आवाज बंद. त्यातली हिरोची आई बदललेली दिसली. गेल्या आठवड्यापर्यंत दुसरी बाई होती. शेजारी बसलेल्या आक्कांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "आधीची कुठं गेली?" एवढंच, तेही हळू आवाजात. पण भाच्यानं ऐकलं आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाला, "आक्का, सिरियलमध्ये लॉजिक शोधताय होय!"

सगळे हसले. आक्काही हसल्या. दुसऱ्याच्या घरी पाणी सांडल्यावर माणूस हसतं ना, तसं. तेव्हापासून डोक्यात घण पडतायत.

माझ्या जुन्या मित्रमैत्रिणींना आक्का माहीत आहेत. सोलापूरच्या पूर्व भागात आम्ही भाड्यानं राहायचो तेव्हाची शेजारीण. घरात तेलुगू, दारात मराठी. चाळीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, दिवसाला हजार विड्या. नजर टीव्हीवर आणि बोटं आपली आपण चालू. पान, चिमूटभर तंबाखू, वळ, तोंड मुडप, दोरा. मी मुद्दाम बघत बसायचे, कधी चुकतात का. चुकायच्या नाहीत. आमच्या सौ. वहिनींना गॅसवरच्या दुधाकडं बघता बघता टीव्ही बघता येत नाही, तो भाग वेगळा.

तर 'रात्रीस खेळ चाले', ती भुतांची मालिका. आम्ही तिन्ही पर्वं आक्कांच्या घरी बघितली. २०१६ ला पहिलं सुरू झालं तेव्हा वाड्याचे मालक अण्णा नाईक गेलेले असतात आणि त्यांच्या मरणापासूनच गोष्ट चालू होते. कोकणातला वाडा, आकेरीचं चित्रीकरण, मालवणी बोली. आक्कांना मालवणी निम्मीच कळायची, पण भीती पूर्ण वाटायची. तिकडं काही लोक चिडले होते, कोकणाला अंधश्रद्धाळू दाखवताय म्हणून. तेही खरंच असेल. २०१९ ला दुसरं पर्व आलं ते उलटं, आधीची गोष्ट, अण्णा जिवंत. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अण्णांचा जिच्यावर जीव ती शेवंता, अपूर्वा नेमळेकरची. त्या दोघांनी काय केलं ते मी सांगायला नको. इथं पार्कातल्या भजीच्या गाड्यावरसुद्धा पोरं अण्णांचा आवाज काढायची. मग २०२१ चं तिसरं, त्यात दोघं भुतं होऊन वाड्यात फिरणारी. सुरू होऊन महिना झाला नाही तोवर करोनाची दुसरी लाट, राज्यातली चित्रीकरणं बंद, मालिका मध्येच थांबली ती ऑगस्टमध्ये परत आली. त्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. तेव्हा सगळ्यांचंच सगळं मध्येच थांबलं होतं.

आणि वर्षाच्या शेवटाकडं एका रात्री शेवंता आली ती दुसरीच.

त्या रात्री मी तिथंच होते, भिंतीला पाठ लावून. पडद्यावर शेवंता, आणि आक्कांचे हात थांबले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी ते हात थांबलेले बघितले. अर्धवट वळलेली विडी बोटांत तशीच.

"ही कोण?"

"शेवंता."

"ही शेवंता नव्हे." मग पुटपुटल्या, "एक्कड पोयिंदी?" कुठं गेली?

मला पेपरात वाचून माहीत होतं. नेमळेकरनं मालिका सोडली होती, का सोडली ते तिनं स्वतः लिहिलंही होतं, आणि तिच्या जागी कृतिका तुळसकर आली होती. हे सगळं मी तेव्हा आक्कांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. झोप येत होती, आणि मला वाटलं, काय एवढं! म्हणजे मी भाच्याहून फार शहाणी होते असं नाही.

पण आक्कांनी काय केलं बघा. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "मी विचार केला. मेलेलं माणूस आहे ना ते, रूप पालटलं असेल. आता अण्णा ओळखतो का बघू."

आणि त्या थांबल्या. रोज. अण्णा कधीतरी तिच्याकडं निरखून बघतील आणि म्हणतील, तू ती नव्हेस. मग तिचं बिंग फुटेल, मग ही कुठली दुसरी बाई शेवंताचा वेष घेऊन वाड्यात शिरली ते कळेल. चांगले दोन आठवडे हे चाललं. अण्णांनी काही तिला ओळखलं नाही. म्हणजे लगेच ओळखलं, तेच वाईट. आक्का म्हणाल्या, "एवढा जीव टाकत होता तिच्यावर, आणि त्याला फरक कळंना?"

हसू नका. मला सांगा, वाहिनीच्या अख्ख्या लेखकमंडळींपेक्षा ही गोष्ट चांगली नव्हती का? भुतांच्या मालिकेत चेहरा बदलायला याहून चांगली सोय कुठली? सातवी शिकलेल्या बाईनं सूप मांडीवर ठेवून एका रात्रीत जुळवलं ते यांना पगार घेऊन जमलं नाही. जमलं नाही म्हणणंही चूक. त्यांना गरजच वाटली नाही. प्रेक्षकाला आठवत नाही, हे त्यांनी गृहीत धरलंय. उद्या तुळशीवृंदावन उजवीकडून डावीकडं नेलं तरी आम्ही गपगुमान बघणार!

आता कुणीतरी म्हणणार, नटनट्या माणसंच असतात, आजारपण असतं, बाळंतपण असतं, पैशाचे वाद असतात, रोजचा भाग रोज द्यायचा असतो. मान्य. नव्या मुलीचा दोष नाही हेही मान्य, बिचारीनं दुसऱ्याच्या मापाचं ब्लाऊज घालून नाचायचं. पण माझं भांडण बदलण्याशी नाहीच. न सांगण्याशी आहे.

एक मिनिट. नळाला पाणी आलं. पाच दिवसांनी आलंय, ते सोडून लिहीत बसले तर उद्या तुम्ही मला अंघोळीला पाणी देणार आहात काय.

आले. दोन्ही टाक्या, बॅरल, पिंप सगळं भरून झालं. राग जरा उतरलाय. भाचा तसा वाईट नाही, जाताना आक्कांच्या पाया पडला.

माझ्या मुलीला जुन्या परदेशी मालिकांचं वेड. तिनं मला एक अमेरिकन दाखवली होती, 'डार्क शॅडोज'. १९६६ ते १९७१, एबीसी वाहिनीवर, रोज दुपारी. १,२२५ भाग! सुरुवातीला तर काळीपांढरी. मधेच वरून माइकची दांडी दिसते, भिंत हलते, नट वाक्य विसरतो आणि ते तसंच ठेवलेलं, कारण परत घ्यायला वेळच नाही. मला तर घरच्यासारखं वाटलं.

तिची गोष्ट सुरू होते व्हिक्टोरिया विंटर्स नावाच्या मुलीपासून. न्यूयॉर्कच्या अनाथाश्रमात वाढलेली. आईबाप कोण माहीत नाही, पण दर महिन्याला कुणीतरी पैसे पाठवतं, टपालाचा शिक्का अमेरिकेतल्याच मेन नावाच्या राज्यातल्या बँगोर गावचा. आणि त्याच भागातल्या एका जुन्या वाड्यातून तिला नोकरीचं बोलावणं येतं. वाड्याची मालकीण अठरा वर्षं उंबऱ्याबाहेर पडलेली नाही. मुलगी रेल्वेत बसून निघते, आपण कोण ते शोधायला.

बघा, केवढी गोष्ट आहे! आपल्याकडं हिच्यावर चार पर्वं काढली असती.

तर जवळजवळ वर्षभरानं, १९६७ च्या एप्रिलात, मालिकेत आला बार्नबस कॉलिन्स. शवपेटीतून उठलेला रक्तपिपासू, जोनाथन फ्रिडनं केलेला. खरं तर थोड्या दिवसांसाठीच आणलेला, पण लोक तुटून पडले आणि मालिका वाचली. मग गोष्टही त्याची झाली. चेटकिणी आल्या, लांडगामानव आले, शंभर-दोनशे वर्षं मागं जाणं आलं. आईला शोधायला आलेली मुलगी बाजूला बसून राहिली. १९६८ ला ती भूमिका करणाऱ्या अलेक्झांड्रा मोल्टकेला दिवस गेले आणि तिनं मालिका सोडली. तिच्या जागी आधी एक नटी, मग आणखी एक, थोडेथोडे दिवस. शेवटी व्हिक्टोरियाला अठराव्या शतकात धाडून दिलं आणि विषय संपवला. तिची आई कोण, ते १,२२५ भागांत कुणीही सांगितलं नाही. ज्या प्रश्नावर मालिका सुरू झाली तोच प्रश्न!

बर्क डेव्हलिनचंही तसंच. खोट्यानाट्या कारणानं तुरुंगात गेलो म्हणून त्या घरावर सूड उगवायला आलेला माणूस. मध्येच नट बदलला, सूड विरघळला, आणि एक दिवस बातमी आली की तो विमान अपघातात गेला. संपलं.

मुलगी म्हणते, "आई, जगात सगळीकडं असंच असतं." असेल. पण तिकडच्या दुपारच्या मालिकांत एक पद्धत होती, ती मला फार आवडली. नट बदलला की निवेदक सरळ सांगायचा, अमक्याची भूमिका आता तमका करत आहे. एक वाक्य. किती सेकंद लागतात? आपल्याकडं तेल-साबणाच्या जाहिरातींना भरपूर वेळ आहे, आणि आक्कांना एक वाक्य सांगायला वेळ नाही?

परत चिडले. चिडणारच. कारण मला आक्कांचा कारखाना आठवतो. पंचवीसची जुडी. एखादी विडी सैल निघाली, दोरा सुटला, तोंड नीट मुडपलेलं नसलं की तपासणारा बाजूला काढणार. छाट. छाटाचे पैसे नाहीत, आणि पान-तंबाखू मात्र हिशेबात धरलेला. मी लहान असताना एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. त्या माणसानं न बघताच मूठभर विड्या चुरगाळून टाकल्या. आक्का काही बोलल्या नाहीत, पाटी उचलली आणि चालू लागल्या. चाळीस वर्षं जिला एक सुटलेला दोरा माफ झाला नाही, ती बाई रात्री टीव्हीसमोर बसून विचारते की तो दोरा कुठं गेला, आणि आपण तिला हसतो.

मी पण. त्या रात्री झोप येत होती म्हणून का होईना.

म्हणून आज वास्तुशांतीनंतर आक्कांना सोडायला मी रिक्षानं विडी घरकुलापर्यंत, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीपर्यंत गेले. म्हटलं, तीन वर्षांपेक्षा जास्त उशीर झालाय, पण सांगून टाकू. सात रस्ता येईपर्यंत शेवंताचं सगळं सांगितलं. आधीची बाई कोण, नंतरची कोण. आक्कांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे अण्णाला माहीत होतं," म्हणाल्या. "तरी बोलला नाही." मी म्हटलं, त्याला बोलू दिलं नसेल. यावर बराच वेळ रिक्षाबाहेर बघत होत्या.

मग मी त्या अमेरिकेच्या मुलीची गोष्ट सांगितली. अनाथाश्रम, दर महिन्याचे पैसे, रेल्वे, वाडा, बाहेर न पडणारी मालकीण, मध्येच आलेला रक्तपिपासू. आक्कांची बोटं मांडीवर चालू झाली. आता डोळ्यांमुळं विड्या सोडून दोन वर्षं झाली, पण गोष्ट ऐकताना बोटं अजून चालतात. पान, तंबाखू, वळ.

"मग आई कोण?"

"सांगितलंच नाही आक्का. मालिका संपली."

बोटं थांबली नाहीत. "ती मालकीणच," आक्का म्हणाल्या. "नाहीतर इतक्या लांबनं त्याच पोरीला कशाला बोलावील? नाव सांगता येत नव्हतं म्हणून कामाला ठेवली."

तिकडच्या कित्येक प्रेक्षकांचाही हाच अंदाज आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. अशोक चौकात गर्दी होती, रिक्षा थांबली. रिक्षावाला इतका वेळ गप्प होता. त्यानं आरसा जरा खाली केला.

"मावशी, पण मग त्या पोरीला कळलं का?"